रिकाम्या वर्तुळाच्या बाई

बाई मेलेल्या माणसांबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलायच्या. "हे लोक लोखंड फार छान करतात," असं त्या म्हणाल्या की नवख्याला वाटावं, बेसा गावातल्या कोण्या लोहाराची गोष्ट चालली आहे. हे लोक म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी नागपूरच्या भोवतालच्या माळांवर आपल्या मेलेल्यांभोवती धोंड्यांची वर्तुळं रचून गेलेले लोक. त्यांची भाषा कोणाला ठाऊक नाही, एकाचंही नाव ठाऊक नाही. त्यांच्या कबरी तेवढ्या सापडतात, आणि कबरीत त्यांनी मेलेल्याच्या उशापायथ्याशी ठेवलेल्या वस्तू.

बाई मुलींच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत आणि हिवाळ्यात खोदकाम निघालं की रजा काढून तिकडे जात. मी त्यांची भाडेकरू. साठचं दशक संपत आलं होतं. धंतोलीत तेव्हा दवाखाने बोटांवर मोजण्याइतके, बाकी शांत बंगले आणि झाडं. त्यांतल्याच एका दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले होते, यवतमाळकडून नवीनच आले होते. खोली बघायला गेले तर बाईंनी गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उद्या तुम्हाला ठेवायची वेळ आली तर शेजारी काय ठेवायचं?"

मी गांगरले. आतून त्यांच्या आईचा आवाज आला, "भेऊ नको वं पोरी. ते सगळ्याइले असंच विचारते."

मी सुचेल ते सांगितलं, "माझी कातर." बाई खूश झाल्या. "लोखंड! छान. खोली तुमची."

खरंच त्या सगळ्यांना विचारत. दूधवाल्यानं म्हटलं होतं, माझ्यासोबत माझी म्हैस ठेवा. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "म्हशीला विचारलंय का?" तो हसला, पण त्यांनी हे हसण्यासाठी विचारलेलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात एका वर्तुळात माणसाशेजारी घोडा निघाला होता. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज तसाच होता, आणि हाडांवर घाव होते. मालकाबरोबर जायला त्याला मारलं होतं. त्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा बाई घोड्याच्या कवटीवर छत्री धरून उभ्या राहिल्या, आणि कवटी उचलेपर्यंत हटल्या नाहीत. सोबतचे प्राध्यापक थट्टा करू लागले तर म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी एकदम ऊन लागलं तर त्रास होणार नाही का त्याला?"

खापराचा तुकडा सापडला की त्या आधी तो जिभेला लावून बघत. वर्तुळात शिरण्याआधी बाहेरच्या धोंड्यावर दाराची कडी वाजवावी तसं बोटांनी दोनदा वाजवत आणि थोडं थांबत. मी एकदा विचारलं, कशासाठी थांबता? म्हणाल्या, "कोणाच्या घरात असं घुसतं का कोणी?"

त्या घरात एक माणूस कमी होता, हे मला राहायला गेल्यावर हळूहळू कळलं. बाईंचा थोरला भाऊ सतरा वर्षांचा असताना बापाशी भांडून निघून गेला तो परत आलाच नाही. बाप वारला तेव्हाही नाही. बाई तेव्हा शाळेत होत्या. पुढं त्यांनी लग्न केलं नाही आणि आईनं मुलाचं पान वाढायचं सोडलं नाही. पितृपक्षात घरातल्या सगळ्या गेलेल्यांना घास निघायचा, त्याच्या नावानं निघायचा नाही. कोणी शहाण्या नातेवाइकानं एकदा सुचवलं, आता त्याचंही करून टाका. म्हातारीनं त्याला ताटावरून उठवलं होतं. आता तिला मोतीबिंदूनं धूसर दिसायचं. फाटक वाजलं की ती मान वळवायची आणि पावलं ओळखायची. पोस्टमन, दूधवाला, मी. मग मान परत जागेवर.

दुसऱ्या हिवाळ्यात ते रिकामं वर्तुळ खोदलं गेलं.

काटोल रोडनं पुढं गेल्यावर एक उघडा माळ होता. तिथं एकमेकांजवळ पाच-सहा वर्तुळं होती. बाकीच्यांत हाडं निघाली. या एकात बाकी सगळं होतं. काळी-तांबडी मडकी ओळीनं मांडलेली, एक वाटी पालथी, लोखंडी कुऱ्हाड, तांब्याचं कडं. आणि या सगळ्याच्या मधोमध माणूस आडवा मावेल एवढी जागा, तिच्यात काहीच नाही. मला सुटी होती म्हणून बाई मला बघायला घेऊन गेल्या. नर्सच्या नोकरीत मी मेलेली माणसं पुष्कळ पाहिली होती, त्यांची मला कधी भीती वाटली नाही. पण ती जागा मला बघवेना. अंथरूण घातलंय, उशाशी पाणी ठेवलंय आणि निजणारा अजून यायचा आहे, अशी ती दिसत होती.

प्राध्यापक म्हणाले, हाडं मातीत विरघळली असतील. बाई म्हणाल्या, "शेजारच्यात नाही विरघळली. माती तर एकच आहे." नंतर माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "यांचं माणूस बाहेरगावी गेलंय. आलंच नाही. यांनी वाट बघितली, मग त्याची जागा करून दिली. माझ्या आईपेक्षा शहाणे आहेत."

काम संपलं, वस्तू काढून झाल्या, खड्डा बुजवायचा दिवस आला. त्या दिवशी बाईंनी मला पुन्हा सोबत नेलं. त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. दुपारी मजूर झाडाखाली भाकरी खायला बसले तेव्हा त्या चपला काढून वर्तुळात उतरल्या, त्या मोकळ्या जागेच्या मधोमध गुडघे टेकले आणि डबा उघडून मला दाखवला. आईच्या पेटीतून न सांगता काढलेल्या वस्तू होत्या. भावाचा पांढरा शर्ट, एक भोवरा, आणि स्काउटची पितळेची शिट्टी. त्यांनी आणखी पुरचुंडीतला मूठभर भात एका मातीच्या वाटीत काढला.

"आईला कळलं तर?" मी विचारलं.

"आईला दिसत नाही."

त्यांनी डबा ठेवला, वाटी ठेवली, वर हातानं माती लोटली. वारा मघापासून वाहत होता, तो पडला होता की मला तसं वाटलं, कोण जाणे. मजूर आले, फावडी चालली, संध्याकाळपर्यंत माळ सपाट झाला.

घरी आलो तर म्हातारी ओट्यावर बसलेली. "कुठी गेल्या होत्या दोघी?" ती म्हणाली. "दुपारी इथीसा शिट्टी वाजून राहिली होती. लय वेळ वाजली. मी म्हटलं, पोट्टा आला का काय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोलिसाची असेल, आई," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. माझी रात्रपाळी झाली होती, दुपारी मी घरी होते. फाटक वाजलं. म्हातारीनं मान वळवली, ती परत जागेवर गेली नाही. दारात एक माणूस उभा होता. वाळलेला, पस्तिशी-चाळिशीतला, पायांत फाटके कॅनव्हासचे बूट, त्यांवर तांबडी माती. कपाळाचा घाम पुसत त्यानं मला विचारलं,

"इथी पितळेची शिट्टी आहे काय जी?"

मी काही बोलायच्या आत म्हातारी भिंतीला धरत उठली, दाराशी आली आणि तिनं त्या माणसाचे दोन्ही हात धरले. त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून, खांद्यांवरून तिचे हात फिरले. ती म्हणाली, "आला. माहा पोट्टा आला."

तो माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे. मग त्यानं तोंड मिटलं.

बाई कॉलेजातून आल्या तेव्हा तो पाटावर बसून जेवत होता आणि म्हातारी शेजारी बसून त्याला वाढत होती. बाई दारातच थांबल्या. चौकटीवर त्यांनी बोटांनी दोनदा वाजवलं. स्वतःच्या घराच्या चौकटीवर. मग आत आल्या आणि म्हणाल्या, "जेवा तुम्ही. सावकाश जेवा."

संध्याकाळी त्या माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसल्या. मी विचारलं, "तुमचा भाऊ आहे का हा?"

"माझ्या भावाच्या कानाची पाळी मोकळी होती. याची चिकटलेली आहे."

"मग सांगा ना आईंना."

"त्याला शिट्टीचं कोणी सांगितलं? तुला, मला आणि आईला सोडून कोणाला ठाऊक होतं?" आवाज त्यांनी अगदी खाली आणला. "आपण तिथं जागा करून आलो. बोलावणं गेलं. आता त्या जागेवर कोण येतं, हे आपल्या हातात नसतं."

मी विज्ञान शिकलेली मुलगी. पण त्या रात्री खोलीची कडी मी दोनदा तपासली.

तो माणूस राहिला. समोरच्या खोलीत जमिनीवर निजायचा. सकाळी उठून विहिरीचं पाणी काढायचा, फाटकाच्या बिजागऱ्या त्यानं नीट केल्या, म्हातारीला हाताला धरून मारुतीच्या देवळात न्यायचा. बोलायचा फार कमी. म्हातारी त्याला जुन्या आठवणी सांगायची आणि तो "हो" म्हणायचा. क्वचित एखादी अशी सांगायचा की अंगावर शहारा यावा. बापानं पट्ट्यानं मारलं तेव्हा बहीण न्हाणीघरात लपली होती, हे त्यानं एकदा जेवताना सांगितलं. ते न्हाणीघर कधीच पाडलं होतं.

बाई त्याच्याशी पाहुण्यासारख्या वागत, अहो-जाहो करत. त्यांचं माझ्याशी बोलणंही आटलं. खोदकामाला गेल्या नाहीत. खिडकीत मांडलेली खापरं त्यांनी काढून ट्रंकेत ठेवली. एकदा एवढंच म्हणाल्या, "ज्याला ठेवून आले त्याच्या नावानं रोज पोळ्या लाटते मी. हे बरोबर आहे का ग?"

पावसाळ्याच्या तोंडाशी तो छपरावर कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला चढला आणि खांद्यावर पडला. मीच त्याला आमच्या दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. फोटो घेऊन घरी आले तर ओट्यावर मायलेकी बसलेल्या. म्हातारी म्हणाली, "त्याची हासळी मोडली होती लहानपणी, जांबाच्या झाडावरून पडला तवा. तिथी गाठ राहिली होती. फोटोत दिसते काय वं, पाह्य."

ती माझ्याशी बोलत नव्हती. मुलीशी बोलत होती.

बाईंनी फोटो घेतला आणि उजेडात धरला. मी त्यांच्या मागेच उभी होते. दोन्ही हासळ्या, म्हणजे गळ्याखालची आडवी हाडं, धनुष्याच्या कांबीसारख्या स्वच्छ होत्या. ते हाड जन्मात कधी मोडलेलं नव्हतं. बाईंना हाडं माझ्यापेक्षा चांगली वाचता येत. विद्यार्थिनींना त्या नेहमी बजावत, माणसं काहीही सांगतील, हाड जे सांगेल तेच लिहायचं.

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिसते, आई. गाठ आहे."

"बरं," म्हातारी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घालायला बसले होते. ती डोळे मिटूनच पुटपुटली, "पोरगी खोटं बोलली. तिचा आवाज बारीक होते खोटं बोलताना, लहानपणापासून."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी खांद्यावर हात फिरवला न मी. गाठ नाही तिथी. डोळे गेले, हात गेले काय माहे?" ती थांबली. "मले पाहाचं होतं ते काय सांगते. उभा जन्म हाडाले खरं मानत आली. मी मेल्यावर त्याले घराबाहेर काढते का काय, हे माहीत पाहिजे होतं. आता मी मोकळी."

"पण मग हा आहे कोण?"

"कोणाचा तरी पोट्टा आहे न वं," म्हातारी म्हणाली आणि दुसरा डोळा वर केला.

ती पुढच्या थंडीत गेली. झोपेतच. त्यानंच खांदा दिला, त्यानंच अग्नी दिला, डोकंही त्यानंच भादरून घेतलं. नातेवाइकांत कुजबुज झाली, पण बाई समोर उभ्या होत्या, कोणी मोठ्यानं बोललं नाही.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. त्याच्याशेजारी त्याची पिशवी बांधून ठेवलेली होती. तो कप न उचलता म्हणाला, "मी जातो बाई आता."

"कुठं जाता?"

"जिथून आलो तिथी. आई होती तवरी ठीक होतं." त्यानं मान खाली घातली. "तुमाले माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"हो."

"मंग काहून राहू देलं?"

बाईंनी फक्त विचारलं, "तो कुठं आहे?"

त्यानं सगळं सांगितलं. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या पलीकडे जंगलात लाकडाच्या ठेक्यावर दोघं संगतीनं कामाला होते, वर्षानुवर्षं एका झोपडीत राहिले. एका पावसाळ्यात भावाला ताप चढला. नाले भरलेले, बाहेर पडायला वाट नव्हती. तापात तो घराबद्दल बोलत राहिला. फाटक, न्हाणीघर, पट्टा, बहीण. शेवटी म्हणाला, आईला जाऊन सांग. घर ओळखू आलं नाही तर पितळेची शिट्टी आहे का विचार, ज्या घरी हो म्हणतील ते माझं.

"मी सांगालेच आलो होतो," तो म्हणाला. "शिट्टीचं विचारलं अन् आईनं हातच धरले. दोन्ही हात. असे हात माहे कोणी धरले नव्हते बाई. तोंडातून शब्द निघाला नाही. मंग मी रोज मनात म्हणो, उद्या सांगीन."

"किती वर्षं झाली त्याला जाऊन?"

"सात-आठ होऊन गेले."

"मग इतकी वर्षं का आला नाहीत? आणि बरोबर त्याच आठवड्यात का आलात?" बाईंनी विचारलं.

तो जरा ओशाळला. "हिंमतच झाली नाही. कोण्या मायले असं सांगाले जाववते? मंग त्या दिवसांत तो स्वप्नात येऊ लागला. रोज. शर्ट घातलेला, पांढरा. म्हणे, माही जागा झाली गा नागपुरात. आता जा, सांगून ये."

बाहेर नळाचं पाणी बादलीत पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

बाईंनीच पुढं विचारलं, "त्याला जाळलं कुठं?"

"लाकडं ओली होती. पेटलीच नाही. मंग पुरलं टेकडीवर. दगड लावले, जनावरानं उकरू नये म्हणून."

"दगड कसे लावले?"

"गोल."

"गोल का?" बाई खुर्चीतून पुढं झाल्या होत्या. "कोणी सांगितलं होतं गोल लावायला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "कोण सांगन? एकटाच होतो. तो मधात होता. त्याच्याभोवती फिरत फिरत एकेक ठेवत गेलो. मंग गोलच होते न बाई."

बाई उठल्या. मला वाटलं आत जाऊन रडतील. त्यांनी त्याची पिशवी उचलली, समोरच्या खोलीत नेऊन खुंटीला अडकवली आणि येऊन त्याचा गार झालेला चहा पुन्हा स्टोव्हवर ठेवला.

उन्हाळ्यात कॉलेजला सुटी लागल्यावर ती दोघं बालाघाटकडे गेली. माझं लग्न ठरलं होतं, मी सामान बांधत होते. चार दिवसांनी ती परत आली. दोघांचेही चेहरे उन्हानं रापलेले. तो थेट विहिरीवर हातपाय धुवायला गेला, बाई ओट्यावर टेकल्या.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. "सापडलं?"

"सापडलं."

"मग? उघडलं का?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले.

"एक दगड घरंगळला होता," त्या पाणी पिऊन म्हणाल्या. "दोघांनी मिळून उचलला, जागेवर लावला आणि आलो."